नगरसेवक चार, सभागृह एक

जानेवारीत कोल्हापूर महापालिकेचं मतदान झालं तेव्हापासून आमच्या गल्लीत एकच विषय चाललाय, आता नगरसेवक चार आहेत तर त्यातला नेमका आपला कोणता. समोरच्या काकी म्हणतात मी चार मतं दिलीत म्हणजे चौघंही माझेच, आणि कोपऱ्यावरचे आण्णा म्हणतात चौघांचं काम म्हणजे कुणाचंच काम न्हाई, गटार तुंबलं की एक म्हणणार त्याला सांगा, दुसरा म्हणणार तिला सांगा. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. २०१५ च्या निवडणुकीत कोल्हापुरात ८१ प्रभाग होते, एका प्रभागाला एक नगरसेवक. शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेपाच लाखाला जरा कमी, म्हणजे साधारण सहा-सात हजार माणसांमागं एक जण. तो कुठल्या तालमीचा, सकाळी चहाला कुठं बसतो, रागावला की काय बोलतो हे सगळं पेठेतल्या शेंबड्या पोरालाही माहीत असायचं. आता नगरसेवक ८१ च आहेत पण प्रभाग झालेत २०, त्यातल्या १९ प्रभागांत चार-चार आणि एकात पाच. एका प्रभागात २७ हजाराच्या आसपास माणसं. आमची मंगळवार पेठ आणि पलीकडच्या ज्या भागात आम्ही कधी दळण घेऊनही गेलो नाही तो भाग, सगळं एकाच प्रभागात.

पण मला ह्यापेक्षा मोठा विषय वेगळाच वाटतो आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही म्हणून लिहायला बसलेय. मागच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० ला संपली. मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. मधली पाच वर्षं आणि वर दोन महिने ह्या शहरात लोकांनी निवडून दिलेलं महापालिकेत कुणीच नव्हतं. आधी कोरोना, मग ओबीसी आरक्षणाचा खटला, मग प्रभाग रचनेचे घोळ, शेवटी ६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं आता निवडणुका घ्या, तेव्हा कुठं चाकं हलली. घटनेत २४३ यू कलमात स्पष्ट लिहिलंय की मुदत संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे. आणि इथं एक आख्खी टर्मच गेली. २०२० साली ज्या पोरापोरींना अठरा पूर्ण झाली त्यांनी तेवीस वर्षांचं होईपर्यंत स्वतःच्या शहरासाठी एकदाही मतदान केलं नाही, हे मला साधी गोष्ट वाटत नाही.

आता लोक म्हणतात, काय बिघडलं? कचऱ्याचा टिपर येत होता, दिवे लागत होते, पाणी जसं यायचं तसं येत होतं, उलट ढपला पाडणारे, म्हणजे मधल्या मधी पैसे खाणारे कारभारी नव्हते ते बरंच झालं की. हे बोलणं मी आमच्या ऑफिसात ऐकलंय, भाजी मंडईत ऐकलंय, अगदी घरी आमच्या सासऱ्यांच्या तोंडून ऐकलंय. आणि हा राग कुठून आलाय ते मला कळतं. २०१५ ते २०२० ह्या पाच वर्षांत आपल्याकडं सात-आठ महापौर झाले. कायद्यात महापौरपदाची मुदत अडीच वर्षं आहे, आपण त्या अडीच वर्षांची खांडोळी केली, कुणाला वर्ष, कुणाला सहा महिने, कुणाला त्याहूनही कमी. खुर्चीवर बसून फायली समजायच्या आत सत्काराचे हार उतरवायची वेळ यायची. स्थायी समितीचं सभापतीपद, परिवहन समिती, सगळीकडं तेच वाटप. मग माणूस वैतागून म्हणणारच, नकोतच हे.

तरीपण मी म्हणते की नुकसान झालं, आणि ते टिपरमध्ये किंवा नळाच्या पाण्यात दिसणारं नाही. मी लक्ष्मीपुरीत गेली बरीच वर्षं दुकानदारांचे हिशेब लिहायचं काम करते, त्यामुळं माझी नजर आधी जाते ती कुणी प्रस्ताव ठेवला आणि कुणी मंजूर केला ह्याच्याकडं. सभागृह नव्हतं तेव्हा कारभार प्रशासकाकडं होता, आणि प्रशासक म्हणजे काय होतं तर आयुक्तच प्रशासक असतात. एरवी आयुक्त सांगतात हा खर्च करायचाय, स्थायी समिती आणि महासभा, म्हणजे सगळ्या नगरसेवकांची सभा, म्हणते दाखवा बरं कशाला, आणि मग मंजूर होतं किंवा अडतं. प्रशासकाच्या काळात स्थायीचे आणि महासभेचे अधिकारही त्याच एका अधिकाऱ्याकडं. प्रस्ताव ठेवणारा तोच, मंजूर करणारा तोच. आपल्या बायकांच्या भिशीतसुद्धा वही एकीकडं आणि पैशाचा डबा दुसरीकडं असतो, आणि हे कुणी चोर आहे म्हणून नसतं. अधिकारी चांगले आले असतील, कष्टाळू आले असतील, मला कुणा एका अधिकाऱ्याबद्दल तक्रार करायची नाही. पण दरवर्षीचं बजेट एका माणसानं मांडायचं आणि त्याच माणसानं मंजूर करायचं, आणि शहरातल्या एकाही निवडून आलेल्या माणसाला उभं राहून "हे का?" म्हणता येत नव्हतं. कामं होत राहिली, विचारणं बंद पडलं.

सभागृह म्हणजे नेमकं काय हे आपल्यातल्या कितीजणांना माहीत आहे? मला पण पेपर वाचून वाचून आणि ऑफिसच्या कामामुळं थोडं कळायला लागलं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम म्हणून कायदा आहे, मूळचा १९४९ चा, मुंबई सोडली तर राज्यातल्या सगळ्या महापालिका त्याच्यावर चालतात. त्यात महासभा महिन्यातून किमान एकदा झालीच पाहिजे असं आहे. ती सभा लोकांना बघायला खुली असते, हजर असलेल्या बहुसंख्य नगरसेवकांनी ठरवलं तरच बंद दाराआड घेता येते. स्थायी समितीत १६ जण असतात, आठवड्याला बैठक, दरवर्षी निम्मे बाहेर पडतात आणि निम्मे नवे येतात. पैशाचे ठराव तिथून जातात म्हणून त्या समितीसाठी एवढी मारामारी असते. आयुक्त नेमतं राज्य सरकार, नगरसेवकांना त्यांची नेमणूक करता येत नाही, पण एकूण नगरसेवकांपैकी पाच अष्टमांश जणांनी ठराव केला तर सरकारला त्यांना परत बोलवावं लागतं. आपल्या ८१ मध्ये तो आकडा ५१ येतो. म्हणजे बघा, रोजचा कारभार अधिकाऱ्यांच्या हातात आणि धोरण, बजेट, कर, जागा भाड्यानं द्यायच्या का विकायच्या हे सभागृहाच्या हातात. आणि आपण मात्र नगरसेवकाला फोन करतो तो कशासाठी, तर ट्यूब गेलीय, मांडव टाकायला परवानगी काढून दे, ड्रेनेजची गाडी पाठव.

ते फोन करू नयेत असं मी म्हणत नाही, ड्रेनेज तुंबल्यावर माणूस कायदा वाचत बसणार आहे होय. पण ती कामं मुकादम, आरोग्य निरीक्षक, पवडीचा म्हणजे बांधकाम विभागाचा कनिष्ठ अभियंता ह्यांची आहेत आणि त्यांनी ती नगरसेवकाचा फोन आल्याशिवाय करायला पाहिजेत. नगरसेवकाचं मोठं काम त्या हॉलमध्ये बसून आहे, आणि तिथं काय होतं त्याचे भोग आख्खं शहर भोगतं. टोलचंच घ्या. ५० किलोमीटरच्या आसपास रस्ते, २२० कोटींचा प्रकल्प आणि त्याच्या बदल्यात ३० वर्षं टोल. हे काही आभाळातून पडलं नव्हतं, त्याला आपल्याच सभागृहाची मंजुरी होती. तेव्हा गॅलरीत किती लोक होते? वर्तमानपत्रात बातमी आली असेल, आपण वाचून पान उलटलं असेल. २०१३ च्या ऑक्टोबरात वसुली सुरू झाली तेव्हा शहर पेटलं. एन. डी. पाटील सर त्या वयात रस्त्यावर उतरले, गोविंद पानसरे होते, तालमी होत्या, बायका लाटणी घेऊन होत्या, महामोर्चे निघाले. डिसेंबर २०१५ ला टोल रद्द झाल्याची घोषणा झाली. आपल्याला त्या लढ्याचा अभिमान आहे आणि असायलाच पाहिजे. पण पानसरे आण्णा तो दिवस बघायला राहिले नाहीत, कितीतरी लोकांवर केसेस झाल्या, शहराची कितीतरी वर्षं त्यात गेली. एका ठरावाला वेळेवर नीट प्रश्न विचारले गेले असते तर एवढं करावं लागलं असतं का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

पाण्याचं पण तसंच. काळम्मावाडी धरणातून थेट पाईपलाईन पाहिजे ही मागणी माझ्या लहानपणापासूनची, त्यावर निवडणुका लढवल्या गेल्या. ४८८ कोटींची योजना, ५३ किलोमीटर पाईप, काम सुरू झालं २०१४ साली आणि पाणी पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्राला पोचलं नोव्हेंबर २०२३ च्या दिवाळीत. त्या दिवाळीत शहरानं जो आनंद केला तो खराच होता, पंचगंगेचं पाणी काय झालंय ते आपण बघतोय, जयंती नाला दुधाळी नाला काय वाहून नेतात ते पण बघतोय. पण धरणातून पुईखडीपर्यंत पाणी आलं म्हणजे ते काकींच्या नळाला आलं असं होत नाही. मधी आख्खं शहर आहे, जुन्या पाईपा आहेत, टाक्या आहेत, आणि चावीवाले आहेत.

आमच्या भागात पाणी सोडायला येणाऱ्या चावीवाल्या मामांना मी एकदा बराच वेळ उभं राहून बघितलंय. खांद्यावर माणसाच्या उंचीची टी आकाराची लोखंडी चावी. रस्त्यातल्या चेंबरचं झाकण पहारीनं उचकटायचं, चावी खाली सोडून व्हॉल्व्हला बसवायची आणि पीळ द्यायचा, मोजून. मी विचारलं मामा पूर्ण का नाही सोडत, तर म्हणाले, "पूर्ण सोडलं की खालची गल्ली सगळं ओढती बघा वहिनी, वरच्या टोकाला थेंब मिळत न्हाई. हितं साडेतीन पीळ, फुडच्या चौकात पाच, आणि ती वरची खोली हाय न्हवं, तिथं पाणी चढलं का बघून मग उरलेलं." कुठला व्हॉल्व्ह कुठल्या गल्लीला, कुठला अर्धाच फिरतो, कुठला जास्त पिळला तर गळतो, हे सगळं त्यांच्या डोक्यात. कागदावर आहे का विचारलं तर हसले फक्त. पुढं म्हणाले एक पोरगं हाताखाली येतंय, ठोक मानधनावर आहे, टिकलं तर शिकेल.

आता हा विषय सभागृहाचा आहे की नाही? माणूस रिटायर होणार, त्याच्याबरोबर आख्ख्या वस्तीच्या पाण्याचं ज्ञान जाणार, आणि त्याच्या जागी कायम माणूस भरायचा तर आस्थापना खर्च ३५ टक्क्यांच्या वर जाऊ नये हा शासनाचा दंडक आडवा येतो. मग ठेकेदार, मग रोजंदारी, मग ठोक मानधन. पाणीपुरवठ्याला किती माणसं मंजूर आहेत, किती जागा रिकाम्या आहेत, आकृतीबंधाचं म्हणजे कुठल्या खात्यात किती माणसं ह्या आराखड्याचं काय झालं, व्हॉल्व्हचे नकाशे कधी करणार, हे विचारायला आपण माणसं निवडून दिलीत. मला तरी थेट पाईपलाईनचं श्रेय कुणाचं ह्या वादापेक्षा साडेतीन पीळ कुठं लिहून ठेवलेत हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

आणि नुसतं वाईटच आहे असं अजिबात नाही. ह्या महापालिकेनं काही गोष्टी अशा केल्यात की बाहेरगावची माणसं ऐकून थक्क होतात. पंचगंगा स्मशानभूमीत अंत्यसंस्काराला पैसे घेत नाहीत. माझी नणंद मुंबईला असते, आमचे चुलत सासरे गेले तेव्हा ती आली होती आणि हळूच मला विचारत होती तिकडं किती द्यावे लागतात, मी म्हटलं काही नाही, तर तिला पटेचना. आणि हे चालतं कसं तर महापालिका आणि लोक मिळून चालवतात. शेणी म्हणजे गोवऱ्या लोक देतात. होळी जवळ आली की शहरात ठिकठिकाणी सांगितलं जातं, होळी लहान करा आणि शेणी स्मशानभूमीला द्या. आमच्या तालमीच्या पोरांनी केलं तेव्हा मी बरोबर गेले होते. ट्रॉलीतून शेणी उतरवल्या, तिथल्या कामगारांनी एक ओळ धरली, हातोहात आत नेऊन थरावर थर लावले, एक शेणी फुटकी निघाली तर ती पण बाजूला नीट ठेवली, म्हणाले पेटवायला लागती. एकीकडं कुणाचीतरी चिता पेटलेली, नातेवाईक उभे, आणि दुसरीकडं हे काम शांतपणे चाललेलं. कोरोनात ह्याच कामगारांनी रात्रंदिवस जे केलं ते ज्यांच्या घरी कुणी गेलं त्यांनाच माहीत. मरणाच्या दिवशी गरीब माणसाला कुणापुढं हात पसरावा लागत नाही, ह्याच्याइतकी मोठी सेवा दुसरी कुठली असेल मला सांगा.

दुसरं म्हणजे जरगनगरची महापालिकेची शाळा. गुढीपाडव्याला प्रवेशासाठी पालक रांगा लावतात तिथं, आणि हे इंग्रजी शाळांच्या जमान्यात, मराठी माध्यमाच्या सरकारी शाळेसाठी. माझ्या ओळखीच्या एका बाईनं खासगी शाळेतली जागा सोडून पोराला तिथं घातलं. शिक्षक चांगले, स्कॉलरशिपला पोरं चमकतात. राजर्षी शाहूंनी १९१७ साली सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं त्या गावात महापालिकेची शाळा अशी चालावी हे शोभणारंच आहे. पण मग विचारायला पाहिजे, एकाच शाळेसमोर रांग आणि महापालिकेच्या बाकीच्या कितीतरी शाळांत पट कमी होत चाललाय, असं का? जे तिथं जमलं ते इतर ठिकाणी न जमायला काय अडतंय, माणसं का पैसा? शिक्षण समितीत हे बोललं गेलं पाहिजे.

पैशाचं थोडं सांगते, कारण सगळ्या गाड्या शेवटी तिथंच येऊन थांबतात. पूर्वी महापालिकेचा मोठा आधार होता जकात. शिरोली नाक्यावर ट्रकांच्या रांगा लागायच्या ते आमच्या वयाच्या लोकांना आठवत असेल. भ्रष्टाचार होता, त्रास होता, पण रोजचा रोख पैसा शहराच्या हातात होता. मग जकात गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, व्यापाऱ्यांनी त्यासाठी बंद पाळले, २०१७ ला जीएसटी आला आणि तोही गेला. आता त्याची भरपाई म्हणून राज्य सरकारकडून अनुदान येतं. म्हणजे शहराच्या कमाईतला मोठा वाटा आता मुंबईहून यायची वाट बघायची. स्वतःच्या हातात राहिलं काय तर घरफाळा म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, नगररचनेची फी, गाळ्यांची भाडी. घरफाळा भरताना आपल्याला राग येतो, मलाही येतो, पण महापालिका ज्या पैशाबद्दल कुणाकडं हात न पसरता निर्णय घेऊ शकते असा पैसा बहुतेक हाच आहे. म्हणून ज्यांचा घरफाळा वर्षानुवर्षं लागलेलाच नाही किंवा चुकीचा लागलाय त्यांचं काय झालं हे विचारणं माझ्या दृष्टीनं रस्त्याच्या खड्ड्याइतकंच महत्त्वाचं आहे.

आणि हद्दवाढ. नगरपालिका १८५४ सालची, महापालिका झाली १५ डिसेंबर १९७२ ला, आणि तेव्हापासून हद्द एक इंचही वाढलेली नाही. ६६.८२ चौरस किलोमीटर. शहर कधीच ह्या रेषेच्या बाहेर गेलंय. बाहेरच्या गावातली माणसं शहरात कामाला येतात, महापालिकेच्या केएमटी बसनं फिरतात, आणि त्यांचा कर जातो ग्रामपंचायतीला. मी शहरात राहते म्हणून मला हद्दवाढ झाली पाहिजे असंच वाटतं, पण गावातल्या माणसांचं म्हणणं पण मी ऐकलंय. माझं माहेर पलीकडच्याच एका गावात, आमचे दाजी म्हणतात, "तुमच्या शहरातल्या उपनगरांत अजून रस्ते धड न्हाईत, आमाला घेऊन काय देणार हाय? घरफाळा तेवढा वाढणार." ह्याला उत्तर द्यायचं असेल तर भाषणानं येणार नाही. २०१७ ला ४२ गावांसाठी विकास प्राधिकरण काढलं, त्यानं ना शहराचं समाधान झालं ना गावांचं. कळंबा, पाचगाव, उचगाव इथल्या माणसाला आपल्या उपनगरात आणून दाखवता आलं पाहिजे की बघा, इथं ड्रेनेज आहे, पाणी आहे, टिपर रोज येतो. दाजी त्यावरच गप्प बसतील.

आता परत चार नगरसेवकांवर येते. कोपऱ्यावरच्या आण्णांची भीती खरी ठरू द्यायची नसेल तर आपल्याकडं एक जागा आहे, प्रभाग समिती. कायद्यात कलम २९ अ मध्ये आहे. आपल्याकडं चार विभागीय कार्यालयं आहेत, गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी, ताराराणी मार्केट, आणि त्यांच्या प्रभाग समित्या असतात. त्या भागातले सगळे नगरसेवक त्यात असतात, अधिकारी असतो, आणि सामाजिक संस्थांमधून तीन जणांपर्यंत घेता येतात. ही तिसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. म्हणजे निवडून न आलेला पण भागात काम करणारा माणूस तिथं बसू शकतो. आजवर ह्या समित्या म्हणजे कुणाला तरी सभापती करून नाराजी काढायची जागा असंच बघितलं गेलं. शिवाय कायद्यात क्षेत्रसभा पण आहे, गावात ग्रामसभा असते तशी शहरातल्या मतदारांची, २००९ च्या दुरुस्तीनं आलीय. तुमच्यापैकी कुणी क्षेत्रसभेला गेलंय का? मी तरी गेलेल्या एकाही माणसाला भेटलेली नाही.

अजून एक, आणि हे मी मुद्दाम बायकांसाठी लिहितेय. ८१ पैकी ४१ जागा महिलांच्या आहेत. प्रत्येक प्रभागात बाई आहेच, बहुतेक ठिकाणी दोन. तरी परवा गल्लीत जी यादी फिरली त्यात नगरसेविकेच्या नावापुढं नंबर होता तिच्या मिस्टरांचा. मी ग्रुपवर लिहिलं की ताईंचा स्वतःचा नंबर द्या. थोडा वेळ शांतता झाली, एकानं लिहिलं की तेच फोन उचलतात वहिनी, मग रात्री ताईंनीच स्वतःचा नंबर टाकला आणि खाली लिहिलं, कधीही करा. मला फार बरं वाटलं. आपण तिला फोन केला, प्रश्न तिला विचारले, तर ती सभागृहात पण तेच प्रश्न घेऊन उभी राहील. नवऱ्याला फोन करत राहिलो तर तो घरी बसून कारभार करेल आणि ती सहीपुरती राहील, आणि त्यात अर्धा वाटा आपला असेल.

तालमीच्या हॉलमध्ये येत्या रविवारी संध्याकाळी बसायचं ठरलंय, चौघांनाही निरोप गेलाय, तिघांनी येतो म्हटलंय. ट्यूब आणि गटाराची यादी वेगळी करून ती मुकादमांकडं दिलीय, त्यासाठी ह्या बैठकीचा वेळ घालवायचा नाही असं काकींनीच ठरवलं. चौघांना विचारायचं ते असं: महासभेची विषयपत्रिका आल्यावर ती प्रभागाच्या ग्रुपवर टाकणार का. आपल्या प्रभागातल्या रस्त्यांना दोष दायित्वाची मुदत किती, ठेकेदार कोण, आणि मुदतीत उखडला तर त्याच्याकडून करून घेणार का परत नवीन बिल काढणार. पाणीपुरवठ्यातल्या रिकाम्या जागा किती आणि व्हॉल्व्हचे नकाशे कधी होणार. प्रभाग समितीत संस्थांचे तीन जण घेणार का, आणि घेणार असाल तर ते कसे निवडणार. क्षेत्रसभेची तारीख काय. आणि पुढच्या महासभेला आम्ही पाच-सहा जणी गॅलरीत येऊन बसणार आहोत, तर पास लागतो का, कुणाकडून घ्यायचा. ज्यांना बरोबर यायचंय त्यांनी खाली लिहा, दुपारच्या वेळेला सुट्टी काढावी लागेल, मी माझ्या शेठना सांगून ठेवलंय.